सार्वजनिक काका



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढण्याचे ठरले आणि अध्यक्षबाईंनी मला एका थोर पुरुषाचे चरित्र लिहून देण्यास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाची यादी आणि दुधाचा हिशेब यापलीकडे माझ्या हातून फारसे लिहून झालेले नाही. म्हणून आधी मी नाहीच म्हटले. पण मग मनात आले की, ज्या माणसाच्या आठवणीने आमच्या घरातले अकरा वर्षांचे भांडण मिटले, त्याचे ऋण कधीतरी फेडायला हवे. तो माणूस आमच्या झरीचा नव्हे, नात्यागोत्याचाही नव्हे. त्याला जाऊन १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याचे नाव गणेश वासुदेव जोशी. ते पुण्यातले एक वकील होते. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत.

आपल्या खेड्यात वकिलाचे नाव काढले की बायकांच्या पोटात गोळा येतो. वकील म्हणजे तारीख, तारीख म्हणजे खर्च, आणि खर्च म्हणजे अंगावरचा एखादा डाग मोडणे, एवढेच आपल्याला ठाऊक. आमच्या घरी धुऱ्याचा वाद होता. आमचे मामंजी आणि माझे चुलत सासरे यांच्या शेतांमध्ये दीड हात रुंदीची एक पट्टी. तिच्यावर दोन बोरी आणि एक लिंब. त्या पट्टीसाठी दोन्ही घरे कोर्टात गेली. तारखेच्या दिवशी मी पहाटे उठून भाकरी बांधून द्यायची. माझी जाऊही पलीकडे तेच करायची. दोघांच्या भाकरी एकाच एसटीने जात आणि एकाच एसटीने परत येत. निकाल मात्र येत नसे. माझ्या पाटल्या गेल्या, तिकडची एक गाय गेली. आम्हा दोघी जावांच्या घरांत एकच भिंत, पण अकरा वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. त्यात माझीही चूक होती, हे मी आधीच कबूल करते.

अशा दिवसांत माझी मुलगी परीक्षेचा अभ्यास मोठ्याने वाचत होती. तिच्या पुस्तकात सार्वजनिक काकांवर एकच ओळ होती. लोकांनी कोर्टात जाऊ नये म्हणून धडपडणारा वकील, हे ऐकून माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. आपल्या पोटावर आपणच पाय देणारा असा वकील कोण असेल? मग मी वाचनालयातून मिळेल ते आणवले आणि दुपारच्या वेळी अडखळत अडखळत वाचले. जे समजले ते माझ्या साध्या भाषेत सांगते.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. पेशवाई बुडून तेव्हा दहाच वर्षे झाली होती. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. गणेश अकरा वर्षांचा असताना, १८३९ साली, इंग्रजांनी महाराजांना गादीवरून दूर केले आणि काशीस पाठवून दिले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी हे त्यांचे वकील थेट विलायतेला गेले आणि तेथे चौदा वर्षे झगडले. हाती काही लागले नाही. १८४८ साली साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. ज्या गावात लहान मूल अशा गोष्टी ऐकत वाढते, त्या गावात वकील या शब्दाचा अर्थ काही निराळाच होत असला पाहिजे. जो दुसऱ्याचे गाऱ्हाणे आपले मानून दूरवर घेऊन जातो तो वकील. काकांनी पुढे आयुष्यभर हेच केले.

विशीत ते पुण्यास आले आणि सरकारी कोर्टकचेरीत कारकुनी नोकरीस लागले. पुढे वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी स्वतःची वकिली सुरू केली आणि ती चांगली चालली. काका विलायतेला गेलेले बॅरिस्टर नव्हते. कचेरीत बसून, कागद चाळून, माणसे पाहून ते कायदा शिकलेले होते. त्यामुळे पक्षकार आला की त्याच्या कागदाबरोबर त्याच्या घरची अडचणही त्यांना दिसत असावी, असे मला वाटते.

पुण्यात पर्वतीचे देवस्थान आहे. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले. त्याच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या सरकारच्या कानावर घालायच्या तर कोणी एकट्याने जाऊन उपयोग नाही, कारण सरकार विचारणार की तू कोणाच्या वतीने बोलतोस? या अडचणीतून एक मोठी गोष्ट निघाली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष, आणि रोजचे काम उचलणारे होते गणेश वासुदेव जोशी.

आता यातली खुबी पाहा. वकील पक्षकाराकडून वकीलपत्र घेतो आणि मगच कोर्टात उभा राहतो. काकांनी तीच रीत सभेला लावली. सभेचा सभासद व्हायचे तर निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे ५० जणांनी लिहून द्यायचे की हा आमच्या वतीने बोलेल. पहिले ९५ सभासद अशा रीतीने सुमारे ६००० लोकांच्या वतीने आले. त्या काळी आपल्या देशात मताचा अधिकार सामान्य माणसाला नव्हता. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा यांतले काहीच नव्हते. तेव्हा एका वकिलाने वकीलपत्राचा कागद घेऊन त्यातून लोकांचे प्रतिनिधी उभे केले. घरातल्याच पिठातून नवा पदार्थ करणारी सुगरण असते ना, तसेच हे.

सभा एवढी काकांच्या अंगात भिनली की लोकांनी त्यांचे नावच बदलून टाकले. गणेशपंत जोशी मागे पडले आणि सार्वजनिक काका झाले. आपल्याकडे काका म्हणजे घरातला माणूस. बापाला जे सांगता येत नाही ते काकाला सांगता येते. सगळ्या गावाने ज्याला काका म्हणावे, त्याने किती जणांची गाऱ्हाणी ऐकली असतील याचा विचार करावा.

१८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. रानडे मोठे विद्वान, पण सरकारी नोकर. त्यांना उघडपणे पुढे होणे अवघड. काका मोकळे. रानड्यांनी विचार द्यावा, मजकूर तयार करावा, आणि काकांनी माणसे जमवावी, वणवण करावी, सह्या गोळा कराव्या, अशी त्यांची जोडी जमली. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली, साऱ्याच्या ओझ्याबद्दल सरकारला लिहिले. १८७५ साली तर थेट विलायतेच्या पार्लमेंटला अर्ज केला की, तुमच्या सभागृहात आमचेही प्रतिनिधी बसू द्या. अर्ज मान्य झाला नाही. पण मागायचे धाडस झाले. गावच्या ग्रामसभेत हात वर करून बोलायला माझी जीभ अजून अडखळते, तेव्हा मला त्या अर्जाची आठवण होते.

आता आपल्या बायकांची गोष्ट. काकांच्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यांनी १८७१ साली पुण्यात स्त्रीविचारवती सभा स्थापन केली. नवऱ्याच्या सभेला एक वर्ष होते न होते तोच बायकोने बायकांची सभा काढली. पुण्यात त्याही आधी, १८५२ साली, सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळ काढले होते. म्हणजे आपण आज ज्या सतरंजीवर बसून बैठक घेतो, तिचा पहिला धागा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. सरस्वतीबाईंच्या सभेचे नाव तर मला फारच आवडले. विचारवती! चूल, पाणी, बाळंतपण यांत बाईचा दिवस बुडून जात असे. त्या काळी बायकांनी एकत्र बसून विचार करावा, असे नावातच म्हणणे ही लहान गोष्ट नाही. काकांनी घरात मोकळीक ठेवली म्हणून हे झाले असे कोणी म्हणेल. मी म्हणते, सरस्वतीबाईंनी घर सांभाळले म्हणून काकांना गाव सांभाळता आले. दोन्ही खरे.

१२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी शपथ घेतली की यापुढे हाताने कातलेल्या सुताचे देशी कापडच वापरीन. आणि ते नुसते बोलून थांबले नाहीत. ते स्वतः रोज सूत काढू लागले. धोतर, अंगरखा, पागोटे सगळे त्याच सुताचे. वकील माणूस, कोर्टात जाणारा, चार प्रतिष्ठितांत वावरणारा, त्याने जाडेभरडे कापड घालून जावे हे त्या काळी चमत्कारिक वाटले असणार. महात्मा गांधींचा जन्म १८६९ चा. काकांनी चरखा हाती घेतला तेव्हा गांधीजी दोन-तीन वर्षांचे मूल होते.

या गोष्टीचे मर्म आपल्या भागातल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. परभणी जिल्हा कापसाचा. आपण वेचणीला जातो, बोटांना नखे फाटेपर्यंत बोंडे वेचतो. इथला कापूस गाडीत भरून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो तेव्हा त्याची किंमत आपल्याला परवडत नाही. त्या वेळी हिंदुस्थानचा कापूस विलायतेला जाई आणि मँचेस्टरचे कापड होऊन परत येई. इथला कोष्टी, साळी, पिंजारी उपाशी. काकांनी देशी मालाची दुकाने काढण्याचा उद्योग केला. नुसत्या कापडाचीच नव्हे, तर शाई, साबण, छत्र्या अशा रोजच्या वस्तूही आपल्याच देशात व्हाव्यात म्हणून खटपट केली. स्वदेशी हा शब्द पुढे १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर घरोघरी गेला. त्याच्या तीस वर्षे आधी हे चालले होते.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस मोठा दरबार भरला. इंग्लंडच्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचे होते. राजे, नवाब, संस्थानिक हिरेमोती घालून जमले होते. सार्वजनिक सभेच्या वतीने काका तेथे गेले, ते आपल्या हातच्या सुताचे कपडे घालून. तेथे त्यांनी सभेचे मानपत्र सादर केले आणि त्यात हिंदी प्रजेला इंग्रज प्रजेसारखे हक्क मिळावेत अशी मागणी केली. लग्नात सगळ्या भारी शालू नेसून आलेल्या असताना आपण एकटीने साधे लुगडे नेसून मान ताठ ठेवून मिरवणे किती कठीण, हे बायकांना माहीत आहे. ती ताठ मान काकांपाशी होती.

आणि त्या झगमगाटाच्या वेळी दक्षिणेत काय चालले होते? १८७६ ते १८७८ असा भयंकर दुष्काळ. सोलापूर, विजापूर, नगर या भागांत माणसे आणि गुरे तडफडून मेली. सरकारने कामे काढली, पण पुढे मजुरी कमी केली. अर्धपोटी माणसे खडी फोडायला आणि माती उचलायला. मजुरांनी कामे सोडली तेव्हा सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सभेने ठिकठिकाणाहून माहिती जमवली, किती पाऊस, किती पीक, धान्याचा भाव काय, कामावर किती माणसे, हे सगळे आकड्यांनी लिहून सरकारपुढे ठेवले. मदत गोळा केली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिकही निघू लागले.

हे वाचताना मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या होत्या. उन्हात बसून हातोडी मारायची, पोराला पाटीत निजवायचे, आणि वाट्याला आलेली सुकडी घरी आणून सगळ्यांत वाटायची. हे त्या सांगत तेव्हा त्यांचा डावा अंगठा दाखवीत. तो वाकडाच राहिला होता. पण १९७२ च्या त्या कामांतूनच पुढे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. दुष्काळात काम मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे, हे मान्य व्हायला शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांच्या आरंभी सभेची ती आकड्यांची पाने आहेत.

आता ज्या कामामुळे मी काकांचे नाव घेतले ते सांगते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते सावकाराचे कागद. खते, रोखे, चोपड्या त्यांनी जाळल्या. कारण तेच कागद कोर्टात जात, शेतकरी लांबच्या कोर्टापर्यंत पोहोचत नसे, पोहोचला तरी कागद वाचता येत नसे, आणि त्याच्या माघारी हुकूमनामा होऊन जमीन जात असे. काका रोज कोर्टात उभे राहणारे. हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर चालले होते.

१८७६ च्या सुमारास रानडे आणि काका यांच्या पुढाकाराने पुण्यात लवादाची न्यायसभा निघाली. दोन्ही पक्षांनी आपखुशीने यायचे, जाणत्या पंचांपुढे आपले म्हणणे सांगायचे, कागद दाखवायचे, आणि पंचांनी तडजोडीने निवाडा द्यायचा. खर्च थोडा, वेळ थोडा, आणि मुख्य म्हणजे घरी परतताना दोघांना एका वाटेने चालता यायचे. वकिलाने असे काम करणे म्हणजे वैद्याने रोगच होऊ नये म्हणून झटण्यासारखे आहे. त्यात त्याची मिळकत बुडते. काकांनी ती बुडू दिली. सरकारने १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यातही दावा लावण्याआधी समेट घडवून आणणाऱ्या माणसांची सोय होती.

मुलीने मला सांगितले की आजही असे आहे. त्याला लोकअदालत म्हणतात. १९८७ च्या कायद्याने तिला मान्यता मिळाली. तेथे तडजोड झाली तर कोर्टाची फी परत मिळते आणि तो निवाडा पक्का असतो, त्यावर अपील नाही. आम्ही अकरा वर्षे एसटीने जात होतो आणि हे आम्हाला माहीत नव्हते.

त्या वर्षी संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू होते. माझी जाऊ आली होती. नेहमीप्रमाणे ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. वाण देता देता तिच्यापाशी आले तेव्हा माझा हात थांबला. काय बोलावे ते सुचेना. शेवटी मी तिला एवढेच विचारले की, धुऱ्यावरच्या बोरीला यंदा बोरे आली का? तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले. पुढे मंडळातल्या दोन वडीलधाऱ्या बाया मध्ये पडल्या. पुरुषांनी आधी हसण्यावारी नेले. पण दोन्ही घरांतल्या चुली एका बाजूला झाल्यावर पुरुषांचे फार दिवस चालत नाही. मोजणी झाली, गावातले चार जाणते बसले, लिंब आमच्याकडे आणि बोरी त्यांच्याकडे असे ठरले, आणि लोकअदालतीत कागद पक्का झाला. एवढे करायला तीन महिने लागले.

दुःख एकाच गोष्टीचे. आमचे मामंजी तो दिवस पाहायला राहिले नाहीत. ते त्याआधीच्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या आजारात त्यांना आपल्या भावाला पाहायचे होते आणि चुलत सासरे अंगणापर्यंत येऊन परत फिरले होते, हे आम्हाला मागाहून कळले. दावा जिंकला असता तरी ती भेट परत मिळाली नसती. म्हणून मी हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी अजून तारखा चालू आहेत, त्यांनी हे वाचावे.

असो. पुन्हा काकांकडे वळते.

काकांच्या आयुष्यातला सगळ्यांत कठीण प्रसंग १८७९ चा. वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आपण शाळेत ऐकले आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे, पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस. रानड्यांची आणि काकांची व्याख्याने ऐकणाऱ्यांत तेही होते. दुष्काळात लोकांचे हाल त्यांनी फिरून पाहिले आणि त्यांनी शस्त्राचा मार्ग धरला. रामोशी आणि इतर गरीब लोकांना जमवून त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. काकांचा मार्ग अर्जाचा आणि कायद्याचा. फडक्यांचा मार्ग काकांना पटणारा नव्हता. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवारवाड्याला आग लागली. सरकारचा संशय पुण्याच्या पुढाऱ्यांवरही आला. रानड्यांची धुळ्यास बदली झाली. शहरात भीतीचे वातावरण होते.

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. राजद्रोहाचा आरोप. अशा माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष आपल्या घरावर ओढवून घेणे. तेव्हा सार्वजनिक काका पुढे झाले आणि त्यांनी ते वकीलपत्र घेतले. आपला मार्ग वेगळा आहे, म्हणून आरोपीला एकटे सोडावे, असे त्यांनी मानले नाही. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, त्याच्या बाजूने बोलणे हाच वकिलाचा धर्म. साताऱ्याला लहानपणी ऐकलेले ते रंगो बापूजी या वेळी काकांना आठवले असतील का? माझ्या मनाला वाटते की आठवले असतील.

फडक्यांना जन्मठेप झाली. त्यांना समुद्रापलीकडे एडनला नेले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. काका खटला हरले. पण काही दावे असे असतात की ते जिंकले किंवा हरले याला महत्त्व नसते. कोण उभे राहिले याला असते.

त्यानंतर काकाही फार दिवस राहिले नाहीत. २५ जुलै १८८० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. सभा काढल्यापासूनची दहा वर्षे धरली तर त्या दहा वर्षांत त्यांनी किती कामे केली हे पाहून मन थक्क होते. सभा, खादी, देशी दुकाने, न्यायसभा, दुष्काळ, दिल्ली, आणि शेवटी तो खटला.

त्यांच्या मागे पाच वर्षांनी, १८८५ साली, मुंबईस राष्ट्रीय सभा म्हणजे काँग्रेस भरली. तिचे पहिले अधिवेशन पुण्यास व्हायचे होते आणि त्याची तयारी सार्वजनिक सभेकडेच होती. पण पुण्यात पटकीची साथ आली आणि ते मुंबईस न्यावे लागले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, लोकमान्य टिळकांच्या हातीही ती सभा आली. मोठमोठी नावे झाली. काकांचे नाव मात्र मुलांच्या परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीपुरते उरले. पाया जमिनीतच असतो, तो कोणाला दिसत नाही.

कोणी म्हणेल की हे पुण्याचे झाले, आपल्याकडे असे कोण होते? आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मोकळे झालो. तोपर्यंत सभा भरवणे, मराठी शाळा काढणे इथे सोपे नव्हते. कोर्टाचे काम उर्दूत चाले. तरी आपल्याही मातीत असा वकील झाला. केशवराव कोरटकर, जन्म १८६७, वसमतकडचे. तो भाग तेव्हा आपल्याच परभणी जिल्ह्यात होता, १९९९ पासून हिंगोलीत गेला. त्यांनी गुलबर्ग्यास आणि मग हैदराबादेस वकिली केली आणि १९०७ साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय, हैदराबादेस विवेकवर्धिनी या शाळा उभ्या करण्यात पुढाकार घेतला. पुढे ते तिथल्या हायकोर्टाचे न्यायाधीशही झाले. १९३२ साली ते वारले. पुण्याच्या काकांनी सभा उभारली, आपल्याकडच्या केशवरावांनी शाळा. दोघांनीही वकिलीतून मिळवलेले नाव आणि वेळ लोकांच्या कामी लावला.

भगिनींनो, मोठ्या माणसांची चरित्रे वाचली की आपण हात जोडतो आणि पुस्तक मिटतो. आपल्याला कुठे दिल्लीला जायचे आहे, असे वाटते. पण काकांची सुरुवात एका देवस्थानाच्या कारभारातून झाली. सरस्वतीबाईंची बायका एकत्र बोलावण्यातून. आमचा धुरा एका बोरीच्या चौकशीतून सुटला. आपल्या मंडळाच्या वहीत बचतीचे हिशेब आहेत, हळदीकुंकवाची यादी आहे. त्या वहीत मागच्या बाजूला मी एक नवे पान आखून ठेवले आहे. ज्यांच्या घरी धुऱ्याचा, वाटणीचा, विहिरीच्या पाळीचा वाद आहे आणि ज्यांना तो बसून मिटवावासा वाटतो, त्यांनी तेथे नाव सांगावे. आम्ही काही पंच नाही. कायदाही आम्हाला कळत नाही. जिथे पोरीबाळींना मारहाण, छळ असेल तिथे तडजोड नको, तिथे पोलीस आणि कोर्टच हवे, हेही आम्ही ठरवले आहे. पण बाकी वादांत दोन्ही घरच्या बायकांना एका सतरंजीवर बसवून चहा देणे आम्हाला नक्की जमते.

त्या पानावर सध्या तीन नावे आहेत. चौथे कोणाचे ते बैठकीत सांगावे, संकोच करू नये.

माझ्या लिहिण्यात चुकभूल असेल ती पदरात घ्यावी. सार्वजनिक काका आणि सरस्वतीबाई यांच्या स्मृतीस नम्र वंदन करून हे लिहिणे पुरे करते.